मेंढपाळाचा मुलगा आणि मेनाईचा पूल

१७८८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. इंग्लंडमधल्या श्रूसबरी गावात सेंट चॅड्स नावाचं एक जुनं चर्च होतं. एके पहाटे त्याच्या मनोऱ्यातल्या घड्याळाने चारचे ठोके द्यायला सुरुवात केली आणि तेवढ्या हादऱ्याने मनोराच ढासळला. जाताना तो चर्चचा मोठा भागही घेऊन गेला. वेळ पहाटेची, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. रविवारच्या प्रार्थनेला हेच घडलं असतं तर काय झालं असतं, ही कल्पनाही करवत नाही.

यातली खरी गोष्ट त्याच्या थोडी आधीची आहे. चर्चचं छप्पर गळत होतं, म्हणून तिथल्या पंचांनी एका तरुण माणसाला पाहायला बोलावलं होतं. त्याने छपराकडे नंतर पाहिलं, आधी भिंती आणि खांब पाहिले. मनोऱ्याच्या एका खांबाजवळ थडगी खणून खणून पाया पोकळ झाला होता आणि भिंतींना मोठ्या भेगा गेल्या होत्या. छपराचं राहू द्या, आधी मनोऱ्याचा वरचा भाग उतरवा, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पंच मंडळी हसली. या भेगा आम्ही लहानपणापासून बघतो आहोत, याला मोठं काम पदरात पाडून घ्यायचं आहे, असा त्यांचा सूर होता. त्यांनी स्वस्तात डागडुजी करणारा दुसरा माणूस गाठला. पुढचं घड्याळाने सांगितलं.

हसण्यावारी नेलेला तो तरुण म्हणजे थॉमस टेलफर्ड. पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधले हजारांहून अधिक पूल आणि शेकडो मैलांचे रस्ते ज्याच्या देखरेखीखाली झाले, तो हा माणूस.

एखादा पूल पाहताना आपल्याला कमानी दिसतात, खांब दिसतात, खालचं पाणी दिसतं. त्यामागची माणसांची मांडणी दिसत नाही. कुणाकडे तरी पैसा आणि अधिकार असतो, कुणाकडे ज्ञान असतं आणि कुणाच्या तरी हातात पहार असते. सरकारी खातं, सल्लागार इंजिनियर आणि कंत्राटदार या तिघांचं जमलं तर पूल उभा राहतो, आणि बिनसलं तर तो एखाद्या पहाटेची वाट पाहत राहतो. हे नातं कसं असावं याचा वस्तुपाठ म्हणून टेलफर्डचं आयुष्य वाचण्यासारखं आहे. ते कुठे घसरतं, हेही त्यात दिसतं.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला एस्कडेल नावाचं डोंगराळ खोरं आहे. तिथल्या ग्लेनडिनिंग या वस्तीवर ९ ऑगस्ट १७५७ रोजी टेलफर्डचा जन्म झाला. वडील मेंढपाळ. मूल काही महिन्यांचं असतानाच ते गेले. आई जॅनेट तान्ह्या बाळाला घेऊन दुसऱ्याच्या आसऱ्याने एका लहानशा खोपटात राहू लागली आणि शेतावर मिळेल ते काम करून तिने त्याला वाढवलं. नातेवाइकांच्या मदतीने तो गावच्या शाळेत जायचा आणि सुटीत मेंढ्या राखायचा. स्वभाव इतका हसरा की गावात त्याला हसरा टॅम म्हणूनच ओळखत.

वयाच्या चौदाव्या वर्षी तो पाथरवटाकडे उमेदवारीला लागला. पहिला मालक वाईट निघाला, तेव्हा पोरगं घरी पळून आलं. मग लँगहोम गावातल्या दुसऱ्या गवंड्याकडे त्याची सोय लागली. तिथे तो दगड घडवायला शिकला, आणि गावातल्या एका सुशिक्षित वयस्क बाईंकडून पुस्तकं आणून वाचू लागला. कविताही करू लागला. लँगहोमच्या पुलाच्या कामावर त्याने हातोडा-छिन्नी चालवली, आणि ज्यांचा चेहराही आठवत नव्हता त्या वडिलांच्या थडग्याचा दगड स्वतःच्या हाताने कोरला. इंजिनियरिंगची पदवी नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. दगड हातात धरला की तो किती भार सोसेल हे कळणं, हीच त्याची पहिली पदवी.

१७८० मध्ये तो एडिंबराला गेला, १७८२ मध्ये लंडनला. तिथे सॉमरसेट हाउस या भव्य इमारतीच्या कामावर तो साधा गवंडी होता. पुढे पोर्ट्समथच्या गोदीतल्या बांधकामावर देखरेखीचं काम मिळालं. एस्कडेलचेच विल्यम पुल्टनी हे बडे गृहस्थ श्रूसबरीचे खासदार होते. आपल्या खोऱ्यातला हा हुशार मुलगा त्यांनी हेरला, आणि १७८७ च्या सुमारास टेलफर्ड श्रॉपशर परगण्याच्या सार्वजनिक बांधकामांचा सर्वेक्षक झाला. या सगळ्या काळात तो आईला पत्रं लिहीत असे. तिला झरझर लिहिलेलं अक्षर लागत नसे, म्हणून छापल्यासारखी सुटी अक्षरं काढून तो पत्र लिही. १७९४ मध्ये आई गेली. टेलफर्डने लग्न केलं नाही. पुढचं सगळं आयुष्य त्याने कामालाच दिलं.

परगण्याची नोकरी ही त्याची खरी शाळा. न्यायाधीश आणि जमीनदार यांची मंडळं पैसे मंजूर करत आणि टेलफर्ड पूल सुचवत असे. १७९५ च्या महापुरात सेव्हर्न नदीवरचे कित्येक पूल वाहून गेले. बिल्डवास इथे त्याने बिडाचा १३० फूट गाळ्याचा नवा पूल उभारला. जवळच १७७९ मध्ये उभा राहिलेला जगातला पहिला मोठा लोखंडी पूल होता. त्यापेक्षा गाळा जास्त असूनही लोखंड मात्र निम्म्याहून कमी लागलं. दुसऱ्याचा पैसा आपला समजून वापरण्याची ही सवय त्याला शेवटपर्यंत होती.

याच काळात एल्समिअर कालव्याचं काम निघालं. वेल्समधल्या डी नदीच्या दरीवरून कालव्याचं पाणी बोटींसकट पलीकडे न्यायचं होतं. १७९५ ते १८०५ अशी दहा वर्षं खपून पॉन्टकसिल्टे इथे १८ दगडी खांबांवर बिडाची पन्हळ बसवण्यात आली. लांबी हजार फुटांच्या वर, नदीपासून उंची सव्वाशे फुटांची. २००९ मध्ये युनेस्कोने या जलसेतूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या कालव्याचा मुख्य इंजिनियर विल्यम जेसप होता आणि टेलफर्ड त्याच्या हाताखाली काम करत होता. जेसपचा अनुभव आणि जेसपने घेतलेली जबाबदारी यांच्या आधारावर हे साहस झालं. पुढे स्वतःचं चरित्र लिहिताना मात्र टेलफर्डने जेसपचा उल्लेख जवळपास टाळला. मोठ्या माणसांच्या हिशेबातही एखादी जमेची रक्कम अशी लिहायची राहून जाते.

टेलफर्डचं सगळ्यात मोठं काम एका पुलाचं नाही, एका व्यवस्थेचं आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख तेव्हा दरिद्री होता. जमीनदार कुळांना हुसकावून मेंढ्या पाळत होते आणि माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला चालली होती. सरकारने टेलफर्डला पाहणीला पाठवलं. रस्ते आणि पूल करा, म्हणजे लोकांना काम मिळेल आणि मुलूख जगाशी जोडला जाईल, असा त्याचा अहवाल होता. १८०३ मध्ये पार्लमेंटने हायलँडच्या रस्ते आणि पुलांसाठी एक आयोग नेमला. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा त्या भागातल्या जमीनदारांचा. जमीनदारांनी आपला वाटा आगाऊ भरायचा आणि मगच कामाला हात लावायचा, असा दंडक होता. बँकेत तीस-पस्तीस वर्षं कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा नियम वाचून त्या आयोगाबद्दल फार जिव्हाळा वाटला. ज्याचा स्वतःचा पैसा आत अडकला आहे, तो काम कसं चाललंय हे बघायला आपणहून येतो.

आयोगाचा सचिव होता जॉन रिकमन. १८०१ मधली ब्रिटनची पहिली जनगणना याच्याच हातची. हा लंडनमध्ये बसून प्रत्येक कागद तपासणारा, आकड्यांचा माणूस. टेलफर्ड सल्लागार आणि मुख्य इंजिनियर. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष मुलुखात जॉन मिचेल हा निरीक्षक, तोही मूळचा गवंडीच. वर्षाला हजारो मैल, बर्फ असो की पाऊस, हा कामं तपासत हिंडायचा. कंत्राटदाराला द्यायच्या कागदात पायाची खोली, दगडाचा आकार, चुन्याचं काम, सगळं आधी तपशीलवार लिहिलेलं असे. निविदा मागवायच्या, काम द्यायचं, मोजायचं, पास करायचं आणि मग पैसे द्यायचे. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात मेजरमेंट बुक नावाची वही असते. तिच्यामागचा विचार या डोंगरात दोनशे वर्षांपूर्वी रोजच्या सवयीचा झाला होता. मिचेल १८२४ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या जागी त्याचा मुलगा जोसेफ आला.

अठरा वर्षांत सुमारे ९२० मैल रस्ते आणि हजारांवर लहानमोठे पूल झाले. स्पे नदीवरचा क्रेगेलाकीचा १५० फुटांचा बिडाचा पूल १८१४ चा. १८२९ च्या भयंकर पुरात त्या भागातले कित्येक पूल गेले, पण त्याची मुख्य कमान तशीच उभी राहिली. राजकवी रॉबर्ट साउदी १८१९ मध्ये टेलफर्डबरोबर या मुलुखात फिरला आणि या मित्राचा इतका चाहता झाला की ऱ्होड्सच्या प्राचीन महापुतळ्याच्या नावावर कोटी करून त्याने टेलफर्डला रस्त्यांचा महापुरुष ठरवून टाकलं.

सगळंच असं जमून आलं नाही. त्याच मुलुखात समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणारा कॅलेडोनियन कालवा सात वर्षांत आणि पावणेपाच लाख पौंडांच्या आत होईल, असा अंदाज होता. लागली जवळजवळ वीस वर्षं, आणि खर्च गेला नऊ लाखांच्या वर. मधल्या काळात युद्धामुळे मजुरी वाढली, लाकूड महागलं, जमीन खणल्यावर वेगळीच निघाली, हे सगळं खरं. तरीही १८२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा हवा तेवढा खोल नव्हता आणि जहाजंही अपेक्षेइतकी आली नाहीत. प्रकल्प अहवालातले आकडे नेहमी जुळलेलेच असतात. जमिनीने तो अहवाल वाचलेला नसतो, हीच काय ती अडचण. टेलफर्डच्या बाजूने एवढं म्हणता येईल की दर वर्षी आयोगाने पार्लमेंटपुढे छापील अहवाल ठेवला. बिघडलेला हिशेब चारचौघांत मांडला गेला, झाकला गेला नाही.

आता मेनाईकडे येऊ. १८०१ मध्ये आयर्लंड आणि ब्रिटन यांचं एक पार्लमेंट झालं आणि आयरिश खासदारांना डब्लिनहून लंडनला यावं लागू लागलं. बोटीने वेल्सच्या टोकाला होलीहेड बंदर, तिथून पुढे लंडनपर्यंत घोडागाडी. हा रस्ता वीसहून अधिक टोल ट्रस्टांच्या ताब्यात होता, आणि प्रत्येकाची हद्द, पैसा, भांडणं वेगळी. आयरिश खासदार सर हेन्री पार्नेल यांनी पाठपुरावा केला, १८१५ मध्ये आयोग नेमला गेला आणि टेलफर्डला बोलावणं आलं. वेल्समधले ट्रस्ट १८१९ मध्ये एकत्र करून आयोगाच्या छत्राखाली आणले गेले. टेलफर्डने डोंगरातला चढ साधारण वीस फुटांना एक फूट याहून जास्त होऊ दिला नाही. खाली हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा थर, ज्याला आपल्याकडे कामावर सोलिंग म्हणतात, आणि वर फोडलेली खडी. मैलाचे दगड, टोलनाके, फाटकं, सगळ्यांचे नमुने त्याने ठरवून दिले. छत्तीस तासांच्या आसपासचा प्रवास पुढे सत्तावीस तासांवर आला.

मधली अडचण होती मेनाईची सामुद्रधुनी. अँगलसी बेट आणि वेल्सची मुख्य भूमी यांच्यामधलं हे पाणी अरुंद, पण प्रवाह दगाबाज. बेटावरची गुरं पोहत पलीकडे नेत. १७८५ मध्ये एक नाव वाळूच्या दांड्यावर अडकली आणि तिच्यातल्या ५५ माणसांपैकी एकच वाचला. पूल हवा होता, पण नौदलाची अट होती की शिडांची जहाजं भरतीच्या वेळीही खालून जायला हवीत. म्हणजे पाण्यापासून शंभर फूट उंची, आणि मधे खांब नाही.

टेलफर्डने लोखंडी साखळ्यांवर झुलता पूल सुचवला, गाळा ५७९ फुटांचा. तेवढा मोठा झुलता पूल तेव्हा जगात कुठेच नव्हता. १८१४ पासून घडीव लोखंड किती ताण सोसतं याचे दोनशेच्या आसपास प्रयोग त्याने करून ठेवले होते. १० ऑगस्ट १८१९ रोजी पहिला दगड बसला. साइटवर कायम मुक्कामाला विल्यम प्रोव्हिस हा तरुण इंजिनियर, लोखंडाला श्रूसबरीचा विल्यम हेझलडीन. साखळीची प्रत्येक पट्टी यंत्रावर ताणून पाहायची आणि मगच स्वीकारायची.

याच कामात एक प्रसंग घडला, जो मला त्या पुलाहूनही मोठा वाटतो. डेव्हिस गिल्बर्ट हे खासदार गणिती होते. त्यांनी साखळीच्या वक्ररेषेचं गणित मांडलं आणि टेलफर्डने धरलेला झोळ कमी पडतो, त्यामुळे साखळीवर ताण जास्त येईल, असं दाखवून दिलं. टेलफर्ड तेव्हा देशातला पहिल्या क्रमांकाचा इंजिनियर होता, १८२० मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्सचा पहिला अध्यक्ष झालेला. गणितात आपण कच्चे आहोत, हे तो जाणून होता. काम चालू असताना त्याने झोळ वाढवला, त्यासाठी मनोरे उंच केले. श्रूसबरीच्या पंचांसारखं तो हसला नाही.

२६ एप्रिल १८२५ रोजी पहिली साखळी चढवायची होती. साडेतेवीस टनांची साखळी तराफ्यावरून पाण्याच्या मध्यावर आणली, आणि दीडशे माणसांनी बासरीच्या तालावर रहाट फिरवत ती वर ओढली. दोन्ही काठांवर माणसांची गर्दी. दीड तासाने साखळी जागेवर बसली आणि एकच जल्लोष झाला. त्या आधीच्या दिवसांत टेलफर्डची झोप उडाली होती, आणि साखळी बसल्यावर मित्रांना तो गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसला, असं सांगतात. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. ३० जानेवारी १८२६ रोजी पूल खुला झाला. आठवड्याभरातच वादळात तो हलला, काही दांडे तुटले. १८३९ च्या वादळात तर त्याचा पृष्ठभाग मोडून पडला. वाऱ्याची ताकद टेलफर्डला पूर्ण कळली नव्हती. साखळ्या आणि मनोरे मात्र टिकले.

वाऱ्याची ही धास्ती त्याला म्हातारपणी एका अवघड जागी घेऊन गेली. १८२९ मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन इथे पुलासाठी स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून टेलफर्डला नेमलं. मेनाईहून लांब गाळा वाऱ्यात टिकणार नाही, असं म्हणून त्याने सगळे आराखडे नापसंत केले. त्यात तेविशीतल्या इझमबार्ड ब्रुनेलचेही होते. मग समितीने परीक्षकालाच आराखडा मागितला, आणि त्याने तो दिलाही. दरीच्या तळापासून उठणारे उंच मनोरे असलेला तो आराखडा आधी वाखाणला गेला, मग त्याची टिंगल झाली. पुन्हा स्पर्धा झाली आणि ब्रुनेल जिंकला. त्याचा ७०२ फुटांचा पूल १८६४ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. परीक्षकाने स्पर्धकाच्या रांगेत उभं राहू नये, हा साधा नियम. आयुष्यभर सचोटीने वागलेल्या माणसाकडूनही तो मोडला गेला, तो कुणी पैसे चारले म्हणून नाही. आपल्याइतकं कुणाला कळत नाही, या समजुतीने तो मोडला गेला.

टेलफर्डने पैसा फारसा साठवला नाही. एकवीस वर्षं तो लंडनमधल्या सॅलोपियन कॉफी हाउसच्या खोल्यांत राहिला. त्याच्याकडे देशभरातले इंजिनियर इतके येत की नव्या मालकाने दुकान घेताना या भाडेकरूचीही किंमत मोजली होती, असा किस्सा आहे. स्वतःचं घर त्याने साठीनंतर केलं. शेवटी कान गेले, पण काम सुटलं नाही. २ सप्टेंबर १८३४ रोजी तो गेला. मृत्युपत्रात जुने सहकारी आणि कवी मित्र होते, इंजिनियरांची संस्था होती आणि एस्कडेलमधली दोन छोटी ग्रंथालयं होती. मेंढपाळाच्या मुलाचं दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालं. त्याचं चरित्र संपादून छापलं ते रिकमनने, आयोगाच्या त्याच सचिवाने.

त्या थडग्याशेजारी १८५९ मध्ये आणखी एका इंजिनियरला त्याच्या इच्छेनुसार पुरलं. तो रॉबर्ट स्टीफन्सन. मेनाईवरचा रेल्वेचा ब्रिटानिया पूल त्याचा. मुंबई ते ठाणे रेल्वे घालणाऱ्या जी.आय.पी. कंपनीचा सल्लागार इंजिनियरही तोच. इथला मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. पैसा देणारी कंपनी, लंडनचा सल्लागार, कामावरचा इंजिनियर आणि कंत्राटदार, ही चौकट आपल्या बोरघाटात पोचली ती अशी.

मेनाईचा पूल आजही आहे. १९३८ ते १९४१ या काळात सर अलेक्झांडर गिब यांच्या सल्लागार कंपनीच्या देखरेखीखाली जुन्या साखळ्या काढून पोलादी बसवल्या, दगडी मनोरे टेलफर्डचेच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सल्लागार इंजिनियरांनी तपासणी करून कळवलं की रस्ता टांगून धरणाऱ्या उभ्या दांड्यांचा भरवसा देता येत नाही. वेल्स सरकारने लगेच पूल बंद केला. व्यापारी ओरडले, शाळेच्या आणि दवाखान्याच्या वाटा लांबल्या. दांड्यांना तात्पुरता आधार देऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये पूल वजनाच्या मर्यादेसह पुन्हा उघडला. सुमारे साडेतीन महिने एकही गाडी गेली नाही आणि कुणालाही इजा झाली नाही.

अशा बातम्या पहिल्या पानावर फार वेळ राहत नाहीत. न पडलेल्या पुलाचं वर्णन करता येत नाही. पण ज्याला कळतं त्याने नको म्हणावं, आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने ते ऐकावं, एवढंच श्रूसबरीच्या चर्चला हवं होतं. ते मेनाईला मिळालं, म्हणून माणसं अजून त्याच्यावरून ये-जा करत आहेत.